फोंडा घाटात घसरलेली जिम्नी आणि एका बाजूने सोडलेला स्टॅबिलायझर बार

गाडी मारुती जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल. मालक देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार, साठी ओलांडलेले, सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीपण अण्णाच म्हणतो. मे महिन्यात कोल्हापूरला पेट्या टाकून परत येताना फोंडा घाट उतरत होते, वळवाची सर नुकतीच पडून गेलेली, आणि एका डाव्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला, नाक आत वळलं आणि पुढचं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात. नशीब म्हणायचं की गटाराकडे गेली, दरीकडे नाही. माणसं सुखरूप, बंपर फाटला, एक फॉगलॅम्प गेला. गाडी नांदगाव तिठ्याजवळ आमच्या गॅरेजमध्ये आली ती या तक्रारीसकट, की स्टीअरिंगमध्ये काहीतरी बिघाड आहे, बघ.

स्टीअरिंगमध्ये काहीच नव्हतं. टायरॉड एंड ठीक, स्टीअरिंग डॅम्पर ठीक, व्हील बेअरिंगला प्ले नाही. गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा दिसलं की पुढच्या स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं अडवणाऱ्या दांडीला, कंपनीचे लिंक रॉड नाहीतच, त्याजागी बाहेरून मागवलेले क्विक डिस्कनेक्टवाले लिंक, म्हणजे पिन ओढली की बार सुटतो असे. डाव्या बाजूची पिन नीट बसलेली, उजवी बाजू मोकळी, लिंक सुतळीने चेसिसला बांधलेला. सुतळी! ती पण अर्धी झिजलेली, आणि लिंकचं टोक ब्रेकच्या होजला घासून होजच्या रबरावर चांगली रेघ उमटलेली.

अण्णांना विचारलं की एक बाजू सोडून का गाडी चालवत होता, तर म्हणाले, "अरे एक बाजू आसा ना जोडलेली, अर्धो तरी काम करीत."

सगळं प्रकरण याच एका वाक्यात आहे, म्हणून जरा इथे थांबतो. बार म्हणजे इंग्रजी यूच्या आकाराची स्प्रिंग स्टीलची दांडी. मधला भाग चेसिसला दोन रबर बुशांत, म्हणजे रबरी कड्यांत, धरलेला असतो, फिरू शकतो, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने दोन चाकांच्या बाजूला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर आली, समजा स्पीडब्रेकरवर, तर दांडी बुशात नुसती फिरते, काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं तरच तिला पीळ पडतो, ओलं धोतर पिळावं तसा, आणि तो पीळ सोडवायला ती दोन्ही चाकं सारख्या उंचीवर आणायला बघते. वळणावर गाडी कलते तेव्हा हेच होतं, बाहेरचं चाक वर दाबलं जातं, आतलं खाली लोंबतं, बार अडवतो, गाडी कमी कलते. आता एक टोक सोडलं तर पीळ पडायला दुसरीकडे पकडच राहात नाही, अख्खी दांडी बुशात मोकळी फिरते. म्हणजे एक बाजू सोडली काय आणि दोन्ही सोडल्या काय, काम शून्यच. अर्धं वगैरे काही नसतं. दोन्ही सोडतात ते फक्त लोंबणारं टोक कुठे आपटू नये, नीट वर बांधता यावं म्हणून.

आणि हे शून्य म्हणजे थोडं नाही. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, व्यास १० टक्के वाढवला तर कडकपणा जवळजवळ ४६ टक्के वाढतो, म्हणून बोटाएवढी दिसणारी दांडी पण कलण्याच्या बाबतीत स्प्रिंगांना मोठा हातभार लावत असते. दिसायला किरकोळ म्हणून लोक किरकोळ समजतात.

आता बार सोडलाच का होता ते बघू, कारण त्यामागचं कारण अगदी फालतू नव्हतं. बाग सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला उतारावर, रस्ता खाजगी, म्हणजे रस्ता म्हणायचा एवढंच, जांभ्याच्या कातळात वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि पाण्याने खोदलेली चाकोरी. मध्ये एक एसच्या आकाराचं वळण, त्यात उजवीकडे खड्डा संपतो न संपतो तोच डावीकडे कातळाची पायरी, परत उलट. जाताना गाडी रिकामी आणि उतार, येताना मागे पेट्या आणि चढ. अण्णांची तक्रार अशी की येताना त्या वळणात पुढचं एक चाक हवेत जातं, गरगर फिरतं, मग ब्रेक लागल्यासारखा कट-कट आवाज येतो आणि गाडी धक्का देत पुढे जाते. मुलाने इंटरनेटवर बघितलं, बार सोडला की चाक जमीन सोडत नाही, लगेच डिस्कनेक्ट मागवले आणि एका फिटरकडून बसवून घेतले. सड्याच्या वरच्या टोकाला मोकळं कातळ आहे तिथे मुलगा मित्रांना घेऊन गाडी फिरवायलापण लागला. त्यावर एक सांगायचं म्हणजे, मोकळा कातळ दिसला की गाडी घालायची हौस असते पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कुडोपीचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि उन्हात उभं राहून बघितलं तर पायाखालचं चित्र दिसतसुद्धा नाही. आधी गावात विचारा.

असो. मुलाची समजूत चूक नव्हती, अपुरी होती.

हवेतलं चाक आणि तो कट-कट आवाज आधी सांगतो, कारण अण्णांना वाटत होतं की काहीतरी तुटतंय. साधा डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला टॉर्क लागतच नाही, म्हणजे जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काही मिळत नाही. जिम्नीत यावर ब्रेक एलएसडी आहे, फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक मारते, मग दुसऱ्या चाकाला ताकद पोचते. तो आवाज त्या ब्रेकचा. म्हणजे सिस्टीम काम करत होती, तुटत काही नव्हतं. फक्त ती चाक फिरल्यावर जागी होते, त्यामुळे अर्धा सेकंद गाडी अडखळते, मग माणूस घाबरून जास्त ॲक्सिलरेटर देतो आणि गाडी उडी मारते. पाय स्थिर ठेवला, ४एलमध्ये (चारही चाकांना ताकद, लो गिअर) पहिल्या गिअरला, तर तीच गाडी तेच वळण गुपचूप चढते. हे अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी दुरुस्त झाल्यावर आम्ही बागेतच चिरे, म्हणजे जांभ्याचे कापलेले ठोकळे, रचून बघितलं. पुढच्या डाव्या चाकाखाली चिऱ्यांचा थर, मग कुठलं चाक हलकं होतं ते टायरखाली पत्र्याची पट्टी सरकवून बघायचं, पट्टी सहज सरकली की चाक गेलं. ज्यांच्याकडे २० अंशाचा रॅम्प असतो ते गाडी रॅम्पवर किती चढली ते अंतर व्हीलबेसने (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने) भागून हजाराने गुणतात आणि आकडा काढतात, आपल्याकडे चिरे आहेत. बार जोडलेला असताना दोन चिऱ्यांवर पट्टी सरकली, बार सोडल्यावर दोन चिरे आणि वर अर्ध्या चिऱ्याचा तुकडा. म्हणजे फायदा आहे, पण मुलगा म्हणत होता तसा चमत्कार नाही.

कारण दोन. एक, जिम्नीला पुढे-मागे सरळ ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड नळीवर, तिला धरायला दोन रेडियस आर्म आणि एक आडवा रॉड, ज्याला कंपनी थ्री-लिंक म्हणते. प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बुशांनी घट्ट धरलेला असतो. एक बाजू वर आणि एक खाली गेली की दोन्ही आर्म वेगवेगळ्या कोनात जातात आणि ॲक्सलच्या नळीलाच पिळायला बघतात, ती पिळत नाही, मग सगळा भार बुशांच्या रबरावर. थोडक्यात ॲक्सल आणि आर्म मिळून स्वतःच एक स्टॅबिलायझर बार होतात. खरा बार सोडला तरी हा दुसरा बार तिथेच. बुश कडक पॉलियुरेथेनचे घातले तर अजूनच वाईट, लोक टिकाऊ म्हणून घालतात आणि मग विचारतात चाक का उचलतंय. दुसरं कारण, कातळावर पीळ पडतो तो पुढच्या आणि मागच्या दोन्ही सस्पेन्शनमध्ये वाटला जातो, दोन्हींवर येणारा मोमेंट, म्हणजे पिळणारा जोर, सारखाच असतो, म्हणून पुढचा भाग कितीही मोकळा केला तरी मागचा जेवढा कडक तेवढी मर्यादा राहतेच. पुढचं मोकळं करून फायदा होतो तो एका ठरावीक जागेपर्यंत, त्यानंतर शॉकअपची लांबी संपते, आणि शॉकअप संपला की चाक उचलणारच.

एक गंमत या चाचणीत दिसली, जी मला आधीपासून माहीत असली तरी अण्णांना पटायला प्रत्यक्ष दाखवावी लागली. रिकाम्या गाडीत पुढचं डावं चाक वर घेतलं की आधी हलकं होतं ते मागचं डावं, पुढचं उजवं नाही. दोन्हींवरून जवळपास सारखंच वजन कमी होतं पण रिकाम्या गाडीचा मागचा भाग मुळातच हलका, म्हणून तो आधी संपतो. मागे पेट्या भरल्या आणि त्यात चढ असला की उलट, मागे वजन भरपूर, पुढचं हलकं, मग पुढचं उजवं उठतं. म्हणून जाताना मागचं चाक आणि येताना पुढचं, दोन्ही तक्रारी एकाच वळणातल्या. पेट्या थोड्या पुढे, मागच्या सीटच्या जागेत सरकवून रचल्या तर येतानाचा त्रास पण कमी झाला. फुकटात.

बार सोडला तर अजून एक गोष्ट तपासावी लागते जी त्या फिटरने तपासली नव्हती. चाक जास्त खाली लोंबायला लागतं, तेव्हा ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर ताणली जाते का ते दोन्ही चाकं पूर्ण लोंबवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचं. या गाडीत लांबी पुरत होती, घासलेला होज मात्र बदलला.

आता घाट. बार एका बाजूने सुटलेला का राहिला, याचं उत्तर मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही जाहिरातीत नसतं. पिन काढायला कुठेही निघते, घालायला नाही. पिन परत बसायची तर बारचं भोक आणि लिंकचं भोक समोरासमोर यायला हवं, आणि ते येतं गाडी सपाट जागेवर असेल तरच. बागेतून बाहेर पडलात की वर सडा, सडा पण उताराचा, मग डांबरी रस्ता तो एका बाजूला कललेला. डावी पिन बसली की उजवं भोक अर्धा इंच वर. मग जॅक लावा, एक माणूस बारला पहार लावेल, एक पिन ठोकेल. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात, पेट्या भरलेल्या, मार्केटची वेळ गाठायची, कोण ठोकत बसणार. त्यात खारी हवा. देवगडच्या हवेत साधा बोल्ट एका पावसात धरतो, ह्या पिनांना झिंकचा पातळ मुलामा आणि आत जांभ्याची लाल धूळ, ग्रीस नाही. लिंकच्या टोकाला रबर बुशाऐवजी लोखंडी बॉल जॉइंट, त्यात धूळ जाऊन तो खडखडायला लागलेला. उजवी पिन धरली होती, ठोकून निघाली, परत गेली नाही. सुतळी आली.

जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलमध्ये २००७ पासून हेच काम बटणाने होतं, आणि स्पीड साधारण ३० किमीच्या वर गेला की बार आपोआप जोडला जातो, माणसाच्या आठवणीवर काही सोडलेलंच नाही. त्या बटणाचे पैसे चाक लोंबवण्यासाठी कमी आणि परत जोडण्यासाठी जास्त आहेत असं मला नेहमी वाटतं.

अण्णांनी सांगितलं की घाट चढतानाच गाडी वेगळी वाटत होती. "वळता, आणि मगे आंग टाकता." याच्यापेक्षा नीट वर्णन इंजिनिअरपण करणार नाही. स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळतात, पण बॉडी कलून स्थिर व्हायला वेळ घेते, तोपर्यंत ड्रायव्हर अजून थोडं फिरवतो, मग जास्त झालं म्हणून परत आणतो, आणि एकामागे एक उलटसुलट वळणं असली की गाडी ड्रायव्हरच्या एक पाऊल मागेच राहते. त्यांना वाटलं पेट्यांचं वजन आहे, म्हणून हळू गेले, ते बरोबरच केलं. येताना गाडी रिकामी, मग भीती गेली, रिकामे क्रेट छतावरच्या कॅरियरवर बांधलेले.

कलणं हा भाग दिसतो म्हणून लोक तेवढाच धरतात, खरी अडचण न दिसणाऱ्या भागात होती. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, ते एकूण किती जाणार हे वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी यावर ठरतं, बारने ते फारसं बदलत नाही. बार ठरवतो ते हे, की त्यातलं पुढच्या ॲक्सलवर किती आणि मागच्या ॲक्सलवर किती. आणि टायरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते, म्हणून ज्या ॲक्सलवर ही देवाणघेवाण जास्त तो ॲक्सल एकूण पकड गमावतो. कंपनी पुढे बार लावते ती जाणूनबुजून, म्हणजे पकड गेलीच तर पुढची आधी जावी, गाडी सरळ जायला बघेल, माणूस साहजिकच ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी परत वळते. पुढचा बार काढला की पुढची पकड वाढते, नाक आत चावतं, मागचा वाटा वाढतो, मागची पकड आधी जाते. त्यात उतार, ब्रेक, म्हणजे वजन पुढे आणि मागचं हलकं. त्यात रिकामी गाडी. त्यात पहिल्या सरीचा रस्ता, उन्हाळाभराचं तेल आणि रबराची धूळ पाण्यावर तरंगत असते, हा रस्ता जुलैतल्या धुवांधार पावसापेक्षा निसरडा. वळणात पाय उचलला आणि मागचं निघालं. ईएसपीचा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या सिस्टीमचा, दिवा लुकलुकला असं अण्णा सांगतात, त्याने जमेल तेवढं सावरलं असणार, नाहीतर गाडी फिरून आडवी झाली असती.

सगळा दोष बारवर घालायचा का? नाही. रस्ता कोरडा असता तर कदाचित काही झालं नसतं, क्रेट छतावर नसते तर थोडं कमी. पण त्याच रस्त्यावर तशाच पावसात अण्णा याच गाडीने आधी आलेले आहेत, फरक एवढाच की तेव्हा बार जोडलेला होता. मी बारला मोठा वाटा देईन, रस्त्याला त्याच्या खालोखाल, क्रेटना थोडा.

मग केलं काय ते. कंपनीचे लिंक रॉड परत बसवले, नवे, मूळ टॉर्कला घट्ट केले, आणि घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर ठेवून, लिफ्टवर लोंबत्या चाकांनी नाही, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बारचे मधले बुश पण बदलले. बागेत जाताना टायरची हवा थोडी कमी करायची आणि वर आल्यावर भरायची म्हणून बारा व्होल्टचा पंप घेतला, फार कमी करू नका असं बजावलं कारण जांभ्याची कड साइडवॉल कापते, रेतीसारखी माफ करत नाही. हवा कमी केल्याने टायर कातळाला चिकटतो आणि अर्ध्या चिऱ्याएवढा फायदा तर तिथेच मिळतो, बारला हात न लावता. सामान पुढे. पाय स्थिर.

आणि ते एसचं वळण. तिथे बागेतल्या नेपाळी कामगारांनी दोन खोल खड्ड्यांत फुटके चिरे टाकून वर खडी दाबली, एका सकाळचं काम. आता बार जोडलेला असताना पण चाक उठत नाही, फार तर हलकं होतं. पाऊस ती खडी वाहून नेणार हे सगळ्यांना माहीत आहे, परत टाकतील, बागेत दरवर्षी गडगे (दगडी कुंपणं) पण परत रचतातच की.

मुलगा थोडा नाराज आहे, त्याच्या मित्राकडे थार आहे आणि त्याला डिस्कनेक्ट लावायचेत. नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डबल विशबोन, तिथे चाकाचा प्रवास आर्म आणि शॉकअपच्या लांबीतच संपतो, बार सोडून मिळणारं अजूनच कमी, पुढचं बघायच्या आधी मागचा सरळ ॲक्सल किती लोंबतो ते बघ असं सांगितलंय. कुणाला खरंच लावायचे असतील, वरचेवर ऑफरोडला जात असेल, तर विरोध नाही. पिनांना दर महिन्याला ग्रीस, दोन्ही टोकं वर बांधायला धातूचा हूक, सपाट जागा आधीच ठरवलेली, आणि डॅशबोर्डवर दिसेल असा लाल रिबीनचा टॅग पिनेलाच लावायचा, पिन बाहेर तर टॅग स्टीअरिंगला. विमा कंपनीला पण कळवून ठेवा, घाटात काही झालं तर सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकून बघतो.

काढलेले डिस्कनेक्ट आमच्याच शेल्फवर होते. कोल्हापूरचा एक मुलगा ऑफरोडला जातो, जिम्नीच आहे, घरी सपाट काँक्रीटचं अंगण आहे. बॉल जॉइंट बदलून, पिना नव्या करून त्याला दिले.